कुकरमधले ओट्स थेट छताला! कुणी नीट करतं का?

ताकभात
मंगळवार, सकाळी ८:२२

गाडीत उभ्याने टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पावणेसहा ते पावणेआठ या दोन तासांत आमच्याकडे दोन डबे, लेकाची शाळेची बस, सासऱ्यांचं शुगरचं पथ्य आणि माझी गाडी हे सगळं बसवायचं असतं. रोज पोहे-उपमा होत नाही. त्यातल्या त्यात सोपं म्हणून ओट्स आणले, तर ते गॅसवर ठेवले की तिथंच उभं राहावं लागतं. पोळी लाटायला वळलं की उतू जातात, नाही वळलं तर पोळ्या राहतात. म्हणून आज म्हटलं, कुकरला लावू. वरणभात आपोआप होतो, मग ओट्सनी काय घोडं मारलंय?

पाच लिटरचा कुकर. त्यात दोन वाट्या ओट्स, चार वाट्या दूध, गुळाचा मोठा खडा आणि वेलची घातली, झाकण लावलं आणि तीन शिट्ट्यांच्या हिशेबाने कणीक भिजवायला घेतली. शिट्टी झालीच नाही. आधी नुसती फुसफुस, मग शिट्टी तिरकी झाली आणि पांढऱ्या फेसाचं कारंजं थेट छताला. गॅस बंद केल्यावरही बराच वेळ चालू होतं. सासरे पेपर वाचत होते, ते मान वर न करता म्हणाले, "आज सोमवार नाही, अभिषेक कसला?"

उघडल्यावर आत फाटलेलं दूध, तळाला करपलेला थर. सगळे ब्रेड खाऊन गेले.

तर, कुकरमध्ये ओट्स कुणी खरंच करतं का? करत असाल तर प्रमाण, शिट्ट्या, सगळं सांगा. मसाला ओट्सची पाकिटं नकोत, त्यात मीठ फार असतं.

---

दुपारची झोप
मंगळवार, सकाळी ९:०५

पाकृ आवडली. साहित्यात 'छत: एक, धुऊन पुसून' हे लिहायचं राहिलं.

---

खडीसाखर
मंगळवार, सकाळी ९:४८

हसू आलं, पण आधी एक काम करा. तो कुकर आज संध्याकाळी तसाच वरणभाताला लावू नका. झाकणावरची शिट्टी काढून खालची नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. ओट्सचा चिकट रस आत वाळला की सिमेंट होतो. बारीक तार किंवा जाड सुई घालून मोकळी करा, मग नळाच्या धारेखाली धरा. रबर काढून धुवा, त्याच्या खाचेतही गेलं असेल. सेफ्टी व्हॉल्व्हवर बाहेरून थर बसला असेल तर तोही पुसा. नळी तुंबलेली आणि व्हॉल्व्ह लिंपलेला असं एकाच वेळी झालं तर निभत नाही. माझ्या माहेरी डाळ फसफसून नळी बुजली होती, तेव्हा व्हॉल्व्ह उडाला म्हणून वाचलो. स्वयंपाकघरभर तूरडाळ झाली होती, पण माणसं शाबूत.

आता ओट्स. तुम्ही भात थेट कुकरात लावता की डब्यात? डब्यात ना! मग ओट्सही डब्यातच. कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी, त्यात लिंबाची पिळून उरलेली फोड (अॅल्युमिनियम काळं पडत नाही), वर जाळी. स्टीलच्या डब्यात एक वाटी ओट्स, दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तूप. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही. वर ताटली. एक शिट्टी झाली की गॅस बंद आणि मग कुकर पडेपर्यंत हात लावायचा नाही. दूध वरून, गरम करून. गूळ सगळ्यात शेवटी, वाफ जरा निवल्यावर, ताटलीत. उकळत्या दुधात गूळ घातला तर ते फाटणारच, त्यात ओट्सचा काय दोष?

मी सकाळी खालच्या डब्यात बटाटे किंवा वाटाणे ठेवते, वरच्या डब्यात ओट्स. भाजीची तयारीही होते.

---

नवशिका१९
मंगळवार, सकाळी १०:१०

तूप कशाला? आणि शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढली तर लवकर नाही का होणार?

---

लघुकोन
मंगळवार, सकाळी १०:३१

@नवशिका, चमच्याने अजिबात उचलू नका. कारण सांगतो.

आपल्या शिट्टीवाल्या कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर जास्त दाब असतो. त्या दाबाला पाणी १०० ला न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. आता शिट्टी उचलली की दाब झपकन खाली येतो, पण पाणी अजून ११५-१२० वरच असतं. मग ते सगळं एकदम, तळापासून वरपर्यंत, उसळून उकळतं. नुसतं पाणी असेल तर वाफ होऊन जाईल. ओट्स असतील तर आख्खा लगदाच वर चढून नळीत शिरतो.

फेस होतो तो ओट्समधल्या स्टार्च आणि बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूमुळे. त्यानं पाणी घट्ट, बुळबुळीत होतं, बुडबुडे फुटत नाहीत, एकावर एक चढत जातात. तूप-तेलाने बुडबुड्याचा पापुद्रा कमकुवत होतो, म्हणून तो अर्धा चमचा. वरणात तेलाचा थेंब टाकतात तेच हे. दुधात फेस धरणारी प्रथिनं वेगळी, त्यामुळे ताकभात यांनी दोन्ही दारूगोळे एकत्र भरले होते.

डब्यात ठेवल्यावर हे का होत नाही, तर डब्याच्या बुडाला ज्वाळेची धग थेट लागत नाही. त्याला वाफ लागते, तीही चारी बाजूंनी आणि १२० चीच. डब्यातलं पाणी त्याच तापमानाला येऊन थांबतं, खदखदत नाही. म्हणून फेस नाही आणि करपणंही नाही. कुकरसोबतच्या पुस्तिका कुणी वाचत नाही, पण बहुतेकांत ओट्स, मॅकरोनी, वाटाण्याची डाळ अशा फेसाळ पदार्थांबद्दल इशारा असतो.

आणि एक कटू सत्य. रोल्ड ओट्सना कुकर लागतच नाही. ते कारखान्यात आधीच वाफवून, लाटून येतात, गॅसवर सात-आठ मिनिटांत होतात. कुकरला वाफ धरायला, शिजायला आणि पडायला मिळून पंचवीस मिनिटं जातात. वेळ वाचवायला करत असाल तर गणित चुकलंय.

---

ताकभात
मंगळवार, दुपारी १:१५

डबा खाता खाता वाचलं. खडीसाखरताई, नळी संध्याकाळी बघते. खरंच डोक्यात आलं नव्हतं.

@लघुकोन, पंचवीस मिनिटं गेली तरी ती माझी जात नाहीत, कुकरची जातात. गॅसवरची आठ मिनिटं मात्र माझी असतात. पहाटे हा फरक फार मोठा असतो हो!

---

खडीसाखर
मंगळवार, दुपारी १:२२

हे बाईमाणसालाच कळणार.

---

लघुकोन
मंगळवार, दुपारी १:४०

आमच्या घरी डबे मी करतो, ताई. पण मुद्दा मान्य.

---

अबोली
मंगळवार, दुपारी ३:५२

एडिनबराहून हात वर करतेय. ओट्सच्या माहेरी राहते म्हणून थोडं लिहिते.

लघुकोन म्हणतात ते रोल्डबद्दल बरोबर आहे. कुकरची खरी मजा स्टील कटमध्ये. ओटचा टरफल काढलेला आख्खा दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापलेला असतो, आपल्या दलियासारखा. इथे त्याला पिनहेड म्हणतात. गॅसवर अर्धा तास ढवळत बसावं लागतं, कुकरमध्ये ते काम सुटतं. चवही वेगळी, दाणा दाताखाली येतो. रोल्ड म्हणजे पोह्यांसारखे चपटे. क्विक आणि इन्स्टंट म्हणजे तेच आणखी पातळ लाटलेले, ते कुकरात घातले तर खळ होईल, वॉलपेपर चिकटवायला वापरा.

इथली जुनी माणसं आदल्या रात्री भिजवतात, सकाळी पाणी आणि मीठ घालून शिजवतात, ढवळायला स्पर्टल नावाची लाकडी काठी, आपल्या रवीची फुलं नसलेली चुलतबहीण. साखर घातली तर नाक मुरडतात. कॅरब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून पॉरिज शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते, बक्षीस म्हणजे सोनेरी स्पर्टल. पारंपरिक गटात ओट्स, पाणी, मीठ, बस्स. आपल्याकडे मऊ भाताची स्पर्धा ठेवली तर कुणाची आई जिंकेल यावरून दंगल होईल.

माझं प्रमाण: एक वाटी पिनहेड, तीन वाट्या पाणी, रात्रभर भिजवून, त्याच पाण्यात. डब्यात. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं. न भिजवता पंधरा. मग आपोआप पडू द्यायचा.

---

घाटावरचा
मंगळवार, रात्री ८:०३

आमच्याकडं ओट म्हशी खातात. गंमत नाही करत. रब्बीला चाऱ्यासाठी पेरतो, राहुरी विद्यापीठाचा फुले हरिता वाण आहे आमच्या बांधाला. पन्नास-साठ दिवसांत पहिली कापणी, परत फुटतो. जनावर आवडीनं खातं, दुधाला बरा. परवा पुण्याला मुलीकडं गेलो तर तिनं वाटीत तेच पुढं ठेवलं, वर बदाम. म्हटलं, पोरी, मला धार काढायला बसवणार का आता?

---

अबोली
मंगळवार, रात्री ८:४०

काका, हा टोमणा पावणेतीनशे वर्षांचा आहे! १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात सॅम्युअल जॉन्सनने ओट्सचा अर्थच असा दिला होता: जे धान्य इंग्लंडात साधारणपणे घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडात ज्यावर माणसं जगतात. इथले लोक अजून त्याला माफ करत नाहीत.

---

दुपारची झोप
मंगळवार, रात्री ८:४४

म्हणजे 'ओट्सनी काय घोडं मारलंय' याचं उत्तर मिळालं. मारलं नाही, पोसलं.

---

शेवगाशेंग
मंगळवार, रात्री ९:३०

ओट म्हणजे आपलं सातूच ना? मग सातूचं पीठ का नाही खात कुणी?

---

खडीसाखर
मंगळवार, रात्री ९:५१

नाही हो. सातू म्हणजे जव, ते वेगळं धान्य. ओटला हिंदीत जई म्हणतात. जव आणि जई ऐकायला जवळ म्हणून घोळ होतो. सातूचं पीठ आमच्याकडे उन्हाळ्यात असतंच, गूळ-दुधात कालवून. त्याला कुकरही नको आणि गॅसही नको.

---

मीठभाकर
बुधवार, सकाळी ७:१२

मग मी बोलतोच. हा सगळा खटाटोप ज्या स्टील कटसाठी चाललाय ती वस्तू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचं नाव ज्वारीच्या कण्या. भरडलेली ज्वारी, ताकात शिजवलेली, वर लसणाची फोडणी. २०२३ साल आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, आणि आपण वाण्याकडे जाऊन कण्यांच्या कित्येक पट पैसे देऊन परदेशातली जई आणतोय. नाचणीची आंबील आहे, गव्हाचा दलिया आहे, कोकणात पेज आहे. ओट्समध्ये असं काय सोनं लागलंय?

---

माडाचीसावली
बुधवार, सकाळी ८:२०

पेजेचं नाव निघालं म्हणून. आमच्या गोव्यात उकड्या तांदळाची पेज, सोबत खारातल्या कैरीची फोड. दहा-साडेदहाला पेज पोटात गेली नाही तर माणूस भांडायला उठतो. ओट्स खाऊन कुणी असं भांडलेलं ऐकलं नाही.

---

पथ्यपाणी
बुधवार, सकाळी १०:४५

आहारशास्त्र हा माझा पेशा आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलते.

मीठभाकर, कण्यांना नावं ठेवायची सोयच नाही. पण ओट्समध्ये एक गोष्ट आहे जी ज्वारी-नाचणीत तेवढी नाही, ती म्हणजे लघुकोन यांनी सांगितलेलं बीटा-ग्लुकन. तेच जे नळी तुंबवतं. पोटातही ते तसंच बुळबुळीत होतं आणि पित्ताम्लांना, म्हणजे पित्तातल्या पचनाच्या आम्लांना, धरून बाहेर नेतं. यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हा दावा ओट्सच्या खोक्यांवर छापायची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये दिली. ३ ग्रॅम म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. चमचाभर ओट्स स्मूदीत टाकून फोटो काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आणि 'थोडं उतरतं' म्हणजे थोडंच, गोळ्या बंद करायच्या नाहीत.

शुगरच्या बाबतीत दाणा जितका अखंड तितकी साखर हळू चढते. म्हणून सासऱ्यांना स्टील कट बरे, इन्स्टंट नकोत. कुकरमध्येही लापशी होईपर्यंत शिजवू नका, दाणा मोडता कामा नये. आणि त्यांच्या वाटीत गूळ नको. 'गूळ चालतो' हे कुणी पसरवलंय देव जाणे, साखरेला तो भाऊच आहे. पहिले काही दिवस खाल्ल्यावर शुगर तपासून बघा, प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं.

कुणाला गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास असेल तर साधे ओट्सही विचारून खा. शेतात आणि गिरणीत त्यात गहू-जव मिसळलेले असतात.

---

मीठभाकर
बुधवार, सकाळी ११:३०

३ ग्रॅम मान्य. माझी तक्रार जाहिरातींवर आहे, धान्यावर नाही. पण ताकभात, एकदा कण्या त्याच कुकरला लावून बघाच. रात्री भिजवा, एकास चार पाणी, पहिल्या शिट्टीनंतर पंधरा मिनिटं.

---

हडसनकाठी
बुधवार, संध्याकाळी ६:१५

न्यू जर्सीतून. आमच्याकडे इलेक्ट्रिक पॉट आहे, शिट्टीच नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना कळत नाही आपण कधी उठलो ते.

स्टील कट, एकास तीन पाणी, हाय प्रेशर चार मिनिटं आणि मग वीस मिनिटं नुसतं बसू द्यायचं. पण ते चार मिनिटं वाचून फसू नका, प्रेशर यायला दहा-बारा लागतात, एकूण पस्तीस धरा. मीही वाटी आतच ठेवते, खाली एक कप पाणी आणि स्टँड. इथल्या ब्लॉगवाल्या याला पॉट-इन-पॉट म्हणून मोठ्या कौतुकाने शोध लावल्यासारखं सांगतात. माझी आजी ऐकती तर म्हणाली असती, "अगं बाई, हा तर आपला कुकर!"

रात्री टायमर लावून ठेवता येतो. त्यात फक्त पाणी आणि ओट्स. दूध रात्रभर बाहेर ठेवायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठे लिहिलेलं नसतं: झाकणाची सिलिकॉन रिंग वास धरून ठेवते. शनिवारी सांबार केलं, रविवारी दालचिनी आणि सफरचंद घालून ओट्स. नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, "यात शेवगा कुठाय?" तेव्हापासून दोन रिंगा आहेत, एक तिखटाची, एक गोडाची.

---

शेवगाशेंग
बुधवार, संध्याकाळी ६:२९

मला कुणी हाक मारली?

---

गावकुस
बुधवार, रात्री १०:०२

आमच्याकडे तीन शिट्ट्या करतो, काही होत नाही. उगाच मिनिटांचा बाऊ.

---

लघुकोन
बुधवार, रात्री १०:२५

गॅस मोठा असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक असेल तर पंधरा मिनिटांत एकही होत नाही. तीन लिटरच्या कुकरच्या तीन आणि साडेसात लिटरच्या तीन या वेगळ्या. रबर सैल असेल तर शिट्टीच होत नाही, नुसती वाफ जाते. शिट्टी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर पडल्याचा आवाज, तो वेळ सांगत नाही. पहिली शिट्टी हे वाफ पूर्ण धरल्याचं चिन्ह, तिथून गॅस बारीक आणि घड्याळ सुरू. गॅसही वाचतो.

---

गावकुस
बुधवार, रात्री १०:३१

आमच्या आईने आयुष्यभर शिट्ट्याच मोजल्या.

---

लघुकोन
बुधवार, रात्री १०:३३

माझ्याही. पण तिला तो एक कुकर, ती एक शेगडी आणि ते एक पातेलं पाठ होतं. आपण इथे दहा घरांच्या दहा कुकरांबद्दल बोलतोय.

---

नवशिका१९
गुरुवार, सकाळी ९:१५

ओट्सचे डोसे कसे करायचे?

---

दुपारची झोप
गुरुवार, सकाळी ९:१६

वेगळा धागा काढून. आणि छत झाकून.

---

ताकभात
गुरुवार, सकाळी ८:२५... नव्हे, ९:४०. गाडी लेट.

प्रयोग दुसरा. नळी खरंच अर्धी बुजली होती, खडीसाखरताई. तारेने जे निघालं ते बघून पोटात गोळा आला. रबरही कडक झालं होतं, नवं आणलं.

आज रोल्ड ओट्स डब्यात, एकास दोन, तूप, एक शिट्टी. खाली बटाटे. छत कोरडं! पण ओट्स इतके मऊ झाले की लेक म्हणाला, "हे आजोबांचं आहे की बाळाचं?" कदाचित कुकर पडायला उशीर लागल्याने आतल्या आत शिजत राहिले. केळं कुस्करून घातल्यावर खाल्ले त्याने. सासऱ्यांनी दोन चमचे घेऊन ताटली सरकवली, गोडसर लगदा त्यांना चालत नाही. मी उभ्या उभ्या उरलेलं संपवलं, मला बरे वाटले. पण खरं सांगू, त्या वीस मिनिटांत पोळ्या झाल्या, डबे भरले, एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही.

रविवारी स्टील कट करणार. मोठ्या दुकानात मिळाले.

---

खडीसाखर
गुरुवार, सकाळी १०:३०

रोल्डला पुढच्या वेळी पाणी पावणेदोन वाट्या घ्या. आणि उकळतं पाणी घालून डबा ठेवला तर वाफ लवकर धरते, मग शिट्टी व्हायच्या आधी, नुसती सुसू सुरू झाली की बंद करून बघा.

सासऱ्यांना तिखट द्या. ओट्स मिठाचे शिजवायचे, निवल्यावर ताक घालून सैल करायचे, वर तुपात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, सुकी मिरची. तांदळाच्या उकडीसारखं लागतं. ताक गरमात घालू नका, फुटतं.

---

अबोली
गुरुवार, दुपारी ४:१०

उरले तर फ्रिजमध्ये ठेवा, पिनहेड तीन दिवस छान राहतात. घट्ट गोळा होतो, घाबरू नका, थोडं पाणी घालून गरम केले की सुटतात. इथे जुन्या काळी लोक पॉरिज लाकडी खणात ओतून थिजवायचे आणि वड्या कापून शेतावर न्यायचे असं सांगतात. वड्या म्हटल्यावर तरी आपल्याला परकं वाटू नये.

---

ताकभात
रविवार, सकाळी ११:२०

आज घरी बसून, चहा घेऊन लिहितेय.

काल रात्री दोन छोटे डबे भिजवले. एकात पाऊण वाटी स्टील कट, सव्वादोन वाट्या पाणी. दुसऱ्यात, मीठभाकर यांच्या आग्रहाखातर, अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या, दोन वाट्या पाणी. दोन्हीत मीठ आणि अर्धा चमचा तूप. एकावर एक ठेवले, वर ताटली. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पंधरा मिनिटं, कारण कण्यांना तेवढी लागणार होती. कुकर पडायला आणखी बारा-तेरा. तोवर मी आंघोळ करून आले! सकाळी कुकर चालू असताना आंघोळ ही चैन मला गेल्या चार वर्षांत आठवत नाही. (गॅस नवऱ्याने बंद केला, तेवढं श्रेय त्याचं.)

ओट्स मस्त. दाणा वेगळा, आतून मऊ, खाताना किंचित टचकन लागतो. लेकाला गरम दूध, केळं आणि वाटीत घालून गूळ, दूध फाटलं नाही. त्याने वाटी चाटली.

सासऱ्यांपुढे दोन वाट्या ठेवल्या, दोन्ही ताक-लसणाच्या, कुठली कशाची ते सांगितलं नाही. त्यांनी आळीपाळीने दोन्ही खाल्ल्या आणि कण्यांच्या वाटीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझ्या आईची." दुसरीबद्दल म्हणाले, "ही पण वाईट नाही, चावायला काहीतरी आहे." ओट्सच्या वाटीनंतर शुगर किती चढते ते बघायला मात्र दोन्ही एकदम देऊन चालणार नाही, हे मशीन हातात घेतल्यावर लक्षात आलं. उद्या नुसते ओट्स, परवा नुसत्या कण्या.

---

मीठभाकर
रविवार, सकाळी ११:४१

माझं काम झालं. आता ओट्सबद्दल एक शब्द बोलणार नाही.

---

पथ्यपाणी
रविवार, दुपारी १२:०५

वाटीचा आकार दोन्ही दिवशी सारखा ठेवा, आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी तपासा. ताकासकट, म्हणजे रोज जसं खाणार तसंच.

---

घाटावरचा
रविवार, दुपारी १२:३०

कण्या जिंकल्या हे म्हशीला सांगतो. तिचा वाटा आता तिला सुखानं खाऊ दे.

---

खडीसाखर
रविवार, दुपारी १:१०

ताकभात, छत पुसलं का? दुधाचा डाग राहिला तर मुंग्या लागतात. व्हिनेगरच्या पाण्याने पुसा.

---

ताकभात
रविवार, दुपारी १:३२

दोनदा पुसलं. ओट्स निघाले, डाग राहिला. भाड्याचं घर आहे, मालक दिवाळीत येतात, तोवर काहीतरी करावं लागेल.

---

दुपारची झोप
रविवार, दुपारी १:३५

डाग कुठल्या आकाराचा आहे?

---

ताकभात
रविवार, दुपारी १:५०

लेक म्हणतो महाराष्ट्राच्या. मला वाटतं कोकण जरा जास्तच खाली आलंय.

---

माडाचीसावली
रविवार, दुपारी १:५४

ते आमचं गोवा. पुसू नका.